पाच दिवस झाले, कोअर विरघळायचं नाव घेत नाही

पाच दिवस! पाच दिवस झाले हा कार्बन फायबरचा डक्ट, म्हणजे हवेची नळी, पाण्याच्या बादलीत पडलाय आणि आतला कोअर आहे तिथेच आहे. कोअर म्हणजे ज्यावर कार्बन फायबर गुंडाळून नळी घडवली तो आतला साचा, पीव्हीए या पाण्यात विरघळणाऱ्या प्लास्टिकचा थ्रीडी प्रिंट. आज सकाळी बाहेर काढून उलटा करून झटकला, तर शेंबडासारखा पांढरा लगदा लोंबत बाहेर आला. तो बोटांना चिकटला की साबणानेही सुटत नाही. मोबाइलचा टॉर्च लावून आत बघितलं, तर वळणाच्या पलीकडे प्रिंटचे थर एकेक मोजता येतील इतके साफ दिसतायत. तिथे पाणी पोचलेलंच नाही.

पीव्हीएच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय, 'पाण्यात विरघळते'. अहो, तुकडा ग्लासात टाकून ढवळला की विरघळतो, ते मलाही माहितीये! पण माझा कोअर ग्लासात नाही, कार्बन फायबर गुंडाळलेल्या नळीत आहे, आणि पाण्याला आत शिरायला दोनच तोंडं आहेत. वरचं पीव्हीए फुगतं, त्याची जेल होते, ती जेल तिथेच साचून बसते आणि ताज्या पाण्याची वाट अडवते. नुसतं भिजत घालून भागत नाही, पाणी खेळतं लागतं. एवढं एक वाक्य छापायला काय जात होतं?

म्हणे गरम पाणी वापरा. कसं वापरू? कार्बन फायबर धरून ठेवणारं हे इपॉक्सी रेझिन खोलीच्या तापमानाला क्युअर झालेलं, म्हणजे घट्ट झालेलं आहे, पन्नास-साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडायला लागतं. उकळतं पाणी ओतलं आणि डक्टचा आकारच बिघडला तर सगळी मेहनत पाण्यात. मग आधी ओव्हनमध्ये पोस्ट-क्युअर, म्हणजे उष्णता देऊन रेझिन आणखी पक्कं, करून घ्या म्हणतात. गेल्या वेळी तेच केलं आणि तिथेच घात झाला! पीव्हीएला कोरडी उष्णता जास्त बसली की त्यातलं स्फटिकीकरण वाढतं, आणि मग थंड पाण्याला ते दाद देत नाही. पार्ट पक्का करायला गेलो आणि सोबत कोअरही पक्का करून बसलो. दोन दिवस वायरने खरवडत होतो.

कोअर पोकळ छापा, हा आणखी एक सल्ला. व्हॅक्यूम बॅग, म्हणजे आतली हवा काढून थर दाबून धरणारी पिशवी, लावली की दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा दाब येतो. पातळ भिंतीचा पोकळ कोअर तो कसा सोसणार? पहिला पार्ट असाच चेपला गेला. म्हणून इनफिल, म्हणजे प्रिंटच्या आतलं जाळीदार भरण, वाढवलं, तर आत एकमेकांना न जोडलेले बंद कप्पे तयार झाले. एक कप्पा विरघळल्याशिवाय पुढच्यात पाणी जात नाही. जायरॉइडसारखं, म्हणजे लाटांसारख्या वळणांचं, आतून मोकळं इनफिल निवडायला हवं होतं, किंवा मधून आरपार एक भोक ठेवायला हवं होतं. हे मला पार्ट फुकट घालवून कळायला हवं होतं का?

आणि रेझिन! कोअर सील न करता लेअप केलं, म्हणजे त्यावर रेझिन लावून कार्बन फायबर गुंडाळलं की इपॉक्सी थरांच्या खाचांत शिरतं आणि तिथेच घट्ट होतं. मग पीव्हीए गेलं तरी इपॉक्सीच्या धारदार कडा आत उरतात. हाताला लागतात आणि हवेचा प्रवाहही बिघडवतात. माझं अख्खं काम त्या आतल्या गुळगुळीत पृष्ठभागासाठी चाललं होतं!

परवा कोणीतरी म्हणालं, पीव्हीए सोड, कॉस्टिकमध्ये, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारख्या तीव्र अल्कलीच्या पाण्यात, विरघळणारं सपोर्ट मटेरियल घे. डक्टच्या टोकाला ॲल्युमिनियमची रिंग चिकटवलेली आहे. कॉस्टिकमध्ये ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि हायड्रोजन सुटतो. विचारायचं तरी, पार्टमध्ये काय काय आहे ते!

आता मासे पाळायच्या टाकीचा छोटा पंप लावलाय, पातळ नळी वळणापर्यंत रेटून बसवलीये, दर दोन तासांनी पाणी बदलतोय. मघाशी पहिल्यांदा दुसऱ्या तोंडातून गढूळ पाणी आलं. परवा हा डक्ट बसवायचाय, आणि अजून एक वीतभर कोअर आत बाकी आहे.