बॅट थंडावली, म्हणून जोरकस फलंदाज नकोसा झाला?

अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलविषयी एक विधान सर्रास सांगितले जाते. 2011 मध्ये महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था एनसीएएने बॅटचा नियम कडक केला, होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे कुंपणापार जाणारे फटके) आटले आणि तेव्हापासून प्रशिक्षक केवळ पिचर (चेंडू फेकणारे), उत्तम क्षेत्ररक्षक आणि वेगाने धावणारी मुले निवडतात. दांडगा फटका मारणाऱ्याला कोणी विचारत नाही, असे ते विधान. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी कशाचा सराव करावा हे अशा बोलण्यावरून ठरू लागते, म्हणून त्याचा एकेक भाग तपासणे मला अगत्याचे वाटते.

होम रन घटले, हा भाग खरा आहे. पोकळ ॲल्युमिनियमच्या किंवा कॉम्पोझिट बॅटची भिंत चेंडू आदळताच किंचित दबते आणि उसळून चेंडूला जादा वेग देते. ही उसळी आवरण्यासाठी ती मोजणारे बीबीकोर मानक आले आणि त्याची कमाल मर्यादा 0.50 ठरली. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाच्या सर्वोच्च गटात, 2010 साली एका संघाचे सामन्यामागे सरासरी 0.94 होम रन होते, ते 2014 मध्ये 0.39 वर आले.

मात्र त्यावरून ताकदीची किंमत घटली असे म्हणणे म्हणजे उलटा निष्कर्ष काढणे होय. जुनी बॅट अर्धवट लागलेला चेंडूही कुंपणापार नेत असे, त्यामुळे फलंदाजाची स्वतःची ताकद किती आणि बॅटने उसनी दिलेली किती, हे ओळखणे कठीण होते. नव्या बॅटने ते उघड केले. क्रिस ब्रायंटने सॅन डिएगो विद्यापीठाकडून खेळायला सुरुवात केली ती नेमकी 2011 मध्ये, म्हणजे बॅट बदलली त्याच वर्षी. 2013 मध्ये त्याने एकट्याने 31 होम रन मारले, जे अनेक संपूर्ण संघांनाही जमले नाहीत, आणि त्याच वर्षी शिकागो कब्स या व्यावसायिक संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर घेतले.

यूसीएलए या कॅलिफोर्नियातील विद्यापीठाने 2013 ची कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाची अंतिम स्पर्धा, अवघ्या 0.227 च्या फलंदाजी सरासरीने (हजार संधींत 227 यशस्वी फटके) जिंकली, हा दाखला फटकेबाजीची गरज नसल्याचे सांगताना नेहमी पुढे केला जातो. पण ही स्पर्धा ओमाहातील नव्या, ऐसपैस मैदानावर गेली तीही 2011 मध्येच. तेथील पाच सामन्यांत बॅटचा वाटा किती आणि मैदानाचा किती, हे वेगळे काढता येत नाही.

नियम बदलला की निवड लगेच बदलते, हे गृहीतक तर कालक्रमातच बसत नाही. 2015 मध्ये चेंडूच्या शिवणीची उंची 0.048 इंचांवरून 0.031 इंचांवर आणली गेली, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर फरक; पण शिवण बसकी झाली की हवेचा अडथळा घटतो, त्यामुळे वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तसाच टोलवलेला चेंडू सुमारे 20 फूट पुढे पडला आणि त्या हंगामात होम रनची सरासरी 0.56 वर चढली. त्या वर्षी चौथ्या वर्षात असलेले खेळाडू बॅट बदलत होती त्या सुमारास निवडले गेले होते. ज्या प्रशिक्षकाने तेव्हा केवळ थंड बॅटचा विचार करून संघ बांधला असेल, त्याच्या हातात त्या मुलांच्या शेवटच्या वर्षी वेगळाच चेंडू आला.

आणि 2024 चे काय? बीबीकोरची मर्यादा तीच असताना टेनेसी विद्यापीठाने 184 होम रन मारून कॉलेज वर्ल्ड सिरीजचे विजेतेपद मिळवले, तर जॉर्जिया विद्यापीठाच्या चार्ली कॉन्डनने एकाच हंगामात 37 होम रनांचा बीबीकोर काळातील विक्रम केला. हा कॉन्डन संघात आला होता तो शिष्यवृत्तीविना.

निवडीवर याहून मोठा दाब पैशाचा आणि जागांचा असतो. वर्षानुवर्षे एका संघाला 11.7 पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम मिळे आणि ती जास्तीत जास्त 27 खेळाडूंत वाटली जात असे. 2025-26 पासून खेळाडूंना थेट मोबदला देण्याची नवी व्यवस्था स्वीकारणाऱ्या विद्यापीठांवर शिष्यवृत्तीची ती मर्यादा उरलेली नाही, पण संघात 34 हून अधिक खेळाडू ठेवता येत नाहीत. आपल्या मुलाला जागा मिळेल का, हे ज्या पालकांना समजून घ्यायचे आहे, त्यांनी बॅटवरील 0.50 च्या शिक्क्याआधी हा 34 चा आकडा पाहावा.