गेट लावले म्हणजे गुणगुण गेली, असे नाही

मेटल वाजवू लागलेल्या गिटारवादकाला एक सल्ला हमखास मिळतो. हाय-गेनमध्ये, म्हणजे सिग्नल खूप वाढवून वाजवताना, नको असलेला आवाज येणारच, तेव्हा कोणतेही एक नॉइज गेट (सिग्नल क्षीण झाला की त्याची वाट बंद करणारे पेडल) घ्यावे, ते पेडलांच्या साखळीत सगळ्यात शेवटी लावावे, पूर्ण शांतता होईपर्यंत थ्रेशोल्ड (वाट कोणत्या पातळीला बंद व्हावी ते ठरवणारा नॉब) वाढवत न्यावा, आणि एवढे करूनही विजेची गुणगुण राहिलीच तर अँपच्या प्लगमधली अर्थिंगची पिन काढून टाकावी, असा तो सल्ला असतो. त्यातला एकही भाग जसाच्या तसा स्वीकारण्याजोगा नाही आणि शेवटचा तर जिवावर बेतणारा आहे, म्हणून तो मुद्द्यागणिक तपासणे मला आवश्यक वाटते.

गेटने आवाज जातो, हे गृहीतकच आधी दुरुस्त करायला हवे. गेटला स्वर आणि गुणगुण यांतला फरक कळत नाही. आत येणारा सिग्नल ठरवलेल्या पातळीच्या खाली गेला की ते वाट बंद करते आणि वर आला की उघडते. वाजवत असताना ते उघडेच असते, त्यामुळे पिकअपने (तारांचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागाने) पकडलेली गुणगुण आणि गेनच्या टप्प्यांत तयार झालेली सळसळ स्वराबरोबर बाहेर पडतच राहते. पाम म्यूटच्या, म्हणजे तळहाताने तारा दाबून वाजवलेल्या, दोन ठोक्यांमधली जागा कोरी ठेवणे हे गेटचे खरे काम आहे आणि ते काम ते उत्तम करते. मुळातला गोंगाट मात्र मुळाशीच कमी करावा लागतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. सिंगल कॉइल पिकअप तिचे चुंबकीय क्षेत्र सहज पकडतो. त्यावरचा उपाय म्हणून सेथ लव्हर यांनी गिब्सन कंपनीसाठी दोन उलट्या कॉइलींचा हम्बकर पिकअप १९५५ मध्येच तयार केला होता. पण हम्बकरही सगळेच थोपवत नाही. पुण्यातल्या माझ्या खोलीत पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या आकड्यावर असला की अँपमधून करकरीत आवाज येतो आणि पंखा बंद करताच तो थांबतो. वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर वाजवणाऱ्यांनाही अशी करकर परिचयाची असेल. एकाच साध्या अडॅप्टरवर डिजिटल डिले (पडसाद देणारे पेडल) आणि डिस्टॉर्शन (स्वर फाटका, खरखरीत करणारे पेडल) दोन्ही चालवल्यास जी बारीक शिटी ऐकू येते, तिचा उपाय वेगवेगळे, आयसोलेटेड आउटपुट असलेला पॉवर सप्लाय हा आहे.

आता जागेचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते. समजा, गिटारमधून जोरात मारलेल्या तारेचा सिग्नल २०० मिलिव्होल्ट आहे आणि गुणगुण ०.२ मिलिव्होल्ट. दोघांत हजारपटींचे, म्हणजे ६० डेसिबलचे अंतर आहे. आता हा सिग्नल हजारपट वाढवणाऱ्या आणि १ व्होल्टवर क्लिप होणाऱ्या टप्प्यातून नेला, तर स्वर १ व्होल्टवरच अडतो, गुणगुण मात्र वाढून ०.२ व्होल्टपर्यंत येते. हजारपटींचे अंतर पाचपटींवर, म्हणजे १४ डेसिबलवर आले. डिस्टॉर्शननंतर बसवलेल्या गेटला या अरुंद पट्टीत निर्णय घ्यावा लागतो, त्यामुळे ते एकतर गुणगुण सोडते किंवा विरत जाणारा स्वर मध्येच तोडते. त्यातच ते अगदी शेवटी, रिव्हर्ब आणि डिलेच्याही पुढे असेल, तर त्यांचे लांबत जाणारे पडसादही कापले जातात. उलट ते गिटारच्या लगेच पुढे लावले तर त्याला अंतर स्पष्ट दिसते, पण त्याच्यापुढे प्रीअँपमध्ये (अँपच्या सिग्नल वाढवणाऱ्या पहिल्या भागात) तयार होणारी सळसळ त्याच्या हाती लागत नाही.

यावरचा मार्ग असा की गेटने ऐकावे गिटारजवळ आणि दार लावावे डिस्टॉर्शनच्या पुढे. बॉस कंपनीच्या एनएस-२ या गेट पेडलमध्ये सेंड (सिग्नल बाहेर पाठवणारे) आणि रिटर्न (तो परत घेणारे) असे जोड आहेत ते यासाठीच. अँपच्या लूपमध्येही प्रीअँपनंतर असेच दोन जोड असतात. गिटार इनपुटला, सेंड अँपच्या पुढच्या इनपुटला, अँपच्या लूपचा सेंड पेडलच्या रिटर्नला आणि पेडलचे आउटपुट अँपच्या लूप रिटर्नला अशा चार केबली जोडल्या की गेट स्वच्छ सिग्नल पाहून निर्णय घेते आणि अंमल प्रीअँपनंतर करते. डिले आणि रिव्हर्ब त्यानंतर, म्हणजे पेडलचे आउटपुट आणि लूप रिटर्न यांच्या मध्ये ठेवावेत. अँपला लूप नसेल आणि डिस्टॉर्शन पेडलमधून येत असेल, तर ते पेडल सेंड आणि रिटर्नच्या मध्ये ठेवावे.

म्हणूनच 'कोणतेही एक गेट' हा सल्लाही टिकत नाही. विकत घेताना पहिला प्रश्न किमतीचा नसून, या पेडलला मूळ सिग्नल वेगळा ऐकण्याची सोय आहे का, हा असावा. आयएसपीच्या डेसिमेटर जी-स्ट्रिंगमध्ये आणि की इनपुट असलेल्या फोर्टिनच्या झूलमध्ये ती आहे. एकच इनपुट आणि एकच आउटपुट असलेल्या साध्या पेडलमध्ये ती नसते. कमी गेनवर, एखाद्याच ओव्हरड्राइव्हसह वाजवणाऱ्याला साधे पेडल पुरते. दार कसे लागते हेही पाहावे. खाडकन बंद होणारे गेट तुटक रिफला शोभते, तर सुटलेली कॉर्ड लांबवणाऱ्याला हळूहळू आवाज उतरवणारा एक्सपांडर हवा.

थ्रेशोल्डबद्दल थोडक्यात सांगतो. नॉब शून्यावरून सुरू करावा, तारांवर हात ठेवून त्या शांत कराव्यात, गुणगुण थांबते तिथून किंचितच पुढे जाऊन थांबावे आणि मग एक लांब स्वर शेवटपर्यंत ऐकावा. तो फडफडत तुटत असेल तर थ्रेशोल्ड खाली आणावा किंवा डीके (गेट बंद व्हायला लागणारा वेळ) वाढवावा. पूर्ण वर नेलेला थ्रेशोल्ड हलक्या हाताने वाजवलेले सगळे खाऊन टाकतो.

राहिली अर्थिंगची पिन. गिटारच्या तारा ब्रिजमार्गे केबलच्या शील्डला आणि तिथून अँपच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. अँपमध्ये फेज सांगाड्याला लागला तर अर्थिंगमुळे प्रवाह जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. पिन काढलेली असेल तर तोच फेज तारांवर येऊन थांबतो, आणि एका हाताने तारा धरलेल्या वादकाचे ओठ व्यवस्थित अर्थ झालेल्या मायक्रोफोनला लागले की प्रवाह त्याच्या शरीरातून जातो. अर्थिंग मायक्रोफोनच्या बाजूला नसले तरी धोका तोच. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्झी इथे स्टोन द क्रोज या बँडचे गिटारवादक लेस हार्वी यांचा अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून रंगमंचावरच मृत्यू झाला. पिन काढल्याने गुणगुण कमी होते हे काही वेळा खरे असते, कारण दोन ठिकाणी अर्थ झालेल्या उपकरणांमधला ग्राउंड लूप (अर्थच्या तारा आणि केबलचे शील्ड मिळून झालेला बंद फेरा) त्यामुळे तुटतो. परंतु तो तोडायचा तर सिग्नलच्या बाजूने, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावून तोडावा. अँप आणि त्याला जोडलेला लॅपटॉप एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतल्यानेही पुष्कळदा काम भागते.

इथे एक गैरसमज वारंवार भेटतो. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते म्हणजे अर्थिंग बिघडले आहे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तारा सांगाड्याला नीट जोडलेल्या आहेत, एवढेच त्यातून कळते. भिंतीतल्या अर्थिंगविषयी त्यातून काहीच कळत नाही. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र वाजवणे तत्काळ थांबवावे, भिंतीवरचा स्विच बंद करावा आणि इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचे अर्थिंग आणि अँप दोन्ही तपासून घेतल्याशिवाय ते पुन्हा चालू करू नये.