मागे दोन पाटे वाढवले तरी बल्कर टेकतोच

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. साईटचा रॅम्प मोजल्याशिवाय भरलेला बल्कर (सिमेंट, राख असा भुकटीचा माल नेणारा टाकीचा ट्रेलर) आत घालू नका, असं मी लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की गाडी खालून जमिनीला टेकते ती ड्रायव्हरच्या चुकीने, हात बसलेला माणूस तिरकी काढून नेतो. तरीही टेकलीच तर मागे स्प्रिंगचे दोन पाटे वाढवायचे, मापं कसली घेत बसता. तुम्ही स्वतः पंधरा वर्षं ट्रक चालवलाय, म्हणून नीट उत्तर देतो.

आधी पाट्यांचं बघू. ट्रेलर पुढे टर्नटेबलवर, म्हणजे ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या (गाडीच्या पुढच्या मुंडक्याच्या) पाठीवरच्या तबकडीवर टेकलेला असतो. मागचा एक्सल 5 सेंमी उचलला तर मधल्या हॉपरखालच्या (टाकीच्या तळाच्या नरसाळ्याखालच्या) पाइपला त्यातले जेमतेम अडीच मिळतात. लँडिंग लेग (ट्रेलर सुटा उभा करायचे पाय) तर टर्नटेबलच्या जवळच, तिथे सेंटिमीटरभर मिळालं तरी खूप. बदल्यात टाकी पुढे झुकते, हॉपरमध्ये माल राहतो, आणि रिकामी गाडी इतकी आदळते की चासीच्या वेल्डिंगला चिरा जातात. सगळी टाकीच वर घ्यायची म्हटलं तर वजनही वर जातं, मग घाटातल्या वळणावर काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको. हॉपर खाली उतरता ठेवतात तो माल वाहावा म्हणून. ती काही बनवणाऱ्याची हयगय नव्हे.

आता हिशेब. आमच्या गाडीत ट्रॅक्टरच्या मागच्या चाकापासून ट्रेलरच्या पहिल्या चाकापर्यंत 7 मीटर आहेत. पाइपखाली रिकाम्यात 30 सेंमी जागा, भरल्यावर 25. माप नेहमी भरलेल्या गाडीचं घ्या. 2018 मध्ये तीन एक्सलवरचं मुभेचं वजन 24 टनांवरून 27 झालं, तेव्हापासून पाटे जास्तच बसतात. 8 मीटरला 1 मीटर चढणारा रॅम्प वर सपाट जागेला कोन करून मिळत असेल, तर त्या माथ्यावर गाडीच्या मध्याखालची 22 सेंमी जागा जाते. (दोन चाकांमधलं अंतर भागिले 4, गुणिले चढ, इथे 1/8.) उरले 3. एक चाक खड्ड्यात गेलं की संपलं. इथे हात कितीही बसलेला असो, काय करणार?

नियमातला गतिरोधक 10 सेंमी उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. त्यावर आमची गाडी कधीच लागली नाही. लागते ती गावात रातोरात घातलेल्या डांबराच्या उभ्या वरंब्यावर. आणि तिरकी काढणं कारला ठीक आहे. भरलेल्या बल्करला एकेक चाक चढवलं की टाकी एका अंगाला कलते आणि चासीला पीळ बसतो.

मला हे का लागलंय तेही सांगतो. दीपनगरच्या (भुसावळजवळच्या) वीज केंद्रातून राख भरून निघालेली आमची गाडी एका साईटच्या गेटवर टेकली. ड्रायव्हरने खाली टॉर्च मारून पाहिलं, पाइपच्या बेंडला (वळणाला) फक्त रंग उडालेला दिसला. राख उतरवून तो परत आला. पुढच्या ट्रिपला हवेच्या दाबाने माल उतरवायला कॉम्प्रेसर लावून प्रेशर दीड बारवर गेलं आणि तोच बेंड फ्लँजपाशी (जोडाच्या चकतीपाशी) फाटला. चीर रंगाखाली होती. दहा पावलांवरचं दिसेना इतकी राख उडाली. ड्रायव्हरच्या डोळ्यांत गेली, तासभर पाण्याने धूत बसलो होतो आम्ही. नजर वाचली. म्हणून "टेकली तर टेकली" हे मला ऐकवत नाही. टेकलेल्या गाडीचा प्रत्येक बेंड आणि क्लॅम्प हाताने चाचपल्याशिवाय प्रेशर भरू नका.

उपाय साधे आहेत. रॅम्पच्या माथ्याला दोन्ही बाजूंनी तीन-चार मीटर खडी-मुरूम टाकून तो कोन मोडायचा. साईटवाले अर्ध्या दिवसात करून देतात, फक्त माल भरायच्या आधी सांगावं लागतं. बेंडखाली दोन्ही टोकांना वर वळवलेली जाड पट्टी लावायची. तिने थोडी उंची जाते, पण घासते ती पट्टी, पाइप नाही. ट्रॅक्टर बदलला तर टर्नटेबलची उंची मोजायची, तो बुटका निघाला की लँडिंग लेग लगेच खाली येतात. एअर सस्पेन्शन (पाट्यांऐवजी हवेचे फुगे) सगळ्यात चांगलं, पण ते प्रत्येकाच्या खिशाला झेपत नाही.

आणि ड्रायव्हरने गेटवर उतरून "गाडी आत जाणार नाही" म्हटलं, तर त्या ट्रिपचा त्याचा एक रुपयाही कापायचा नाही, असं आमच्याकडे त्या दिवसापासून ठरलंय.