नाना, तुमच्या त्या मेसेजबद्दल

बारावीचा निकाल लागला की आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो नानांनी थेट मलाच टाकला, खाली अहिराणीत एक ओळ जोडून: ‘तेनावर पोट भरस का, बेटा?’ मेसेजचं म्हणणं एवढंच: चित्रकला उपजत असते, तिला कॉलेज लागत नाही. पाश्चात्त्य संगीताचा इतिहास म्हणजे परक्यांची पोपटपंची, आपल्या मातीशी त्याचा संबंध नाही. आणि दोन्हीत पैसा नाही.

मी फाइन आर्ट केलं, जोडीला पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासाचा पेपरही घेतला. तेव्हा उत्तर द्यायला हवं.

आधी मातीचं. नाना, आत्याच्या लग्नातला बॅन्ड आठवा. ट्रम्पेटवाल्याची तीन बोटं तीन बटणांवर असतात. बटण दाबलं की हवा जास्तीच्या नळीतून फिरून येते, नळी तेवढी लांबते आणि सूर उतरतो. मोझार्ट १७९१ मध्ये गेला, तोवर ही बटणं नव्हतीच. ओठांनी निघतील तेवढेच मोजके सूर, त्यामुळे ट्रम्पेटच्या वाट्याला बहुतेक ललकारीच यायची. बटणांच्या युक्तीचं पेटंट जर्मनीत १८१८ मध्ये झालं. पुढे ही वाद्यं पलटणींच्या बॅन्डात शिरली आणि तिथून आपल्या वरातीत आली. आज अख्खं अहिराणी गाणं ट्रम्पेटवर वाजतं ते या तीन बटणांमुळे. भजनी मंडळाच्या पेटीचंही तेच. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसचं, १८४२ चं. परकं नको म्हणायचं, तर उद्यापासून भजनाला नुसते टाळच कुटा. (हे सगळं शिकल्याचा तोटा एकच: आता मला वरातीत नाचता येत नाही. बॅन्डशेजारी उभा राहून बोटं बघत बसतो.)

‘उपजत’वाल्यांना छायाचित्रकार-चित्रकार केकी मूस फार आवडतात. चाळीसगावच्या त्या बंगल्यात स्वतःला कोंडून घेऊन त्यांनी एवढं काम केलं, मग उपजतच नाही का? पण त्याआधी ते इंग्लंडला जाऊन रीतसर कला शिकून आले होते, हे सांगायचं राहून जातं.

हात उपजत असेलही. डोळा मात्र शिकवावा लागतो. शाळेच्या सहलीत मी अजिंठा दोनदा पाहिला आणि लक्षात राहिली ती माकडं. कॉलेजात गेल्यावर तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा पोपडा उडालेल्या कडेला मातीच्या गिलाव्यातला भुसा दिसला. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर रंग. मायकेलअँजेलोने सिस्टिन चॅपेलचं छत रंगवलं ते ओल्या गिलाव्यावर; खरा फ्रेस्को तो. दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा. अजिंठ्याला सर्रास ‘फ्रेस्को’ म्हणतात, ते म्हणूनच काटेकोर नाही. अजिंठ्याच्या याच चित्रांच्या नकला रॉबर्ट गिल हा इंग्रज लष्करी अधिकारी १८४४ पासून वर्षानुवर्षं करत राहिला. त्यातल्या बऱ्याचशा १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याची कबर आपल्या भुसावळला आहे. आपण तिथे गाडी बदलतो आणि निघून जातो.

राहिला पैसा. इथे मेसेज निम्मा खरा आहे. कलाशिक्षकाच्या जागा थोड्या, आणि माझी पहिली दोन वर्षं लग्नपत्रिका नि दुकानांच्या पाट्या करण्यातच गेली. पण काम नव्हतं असं एकदाही झालं नाही. नाना, तुमच्या केळीच्या खोक्यांवरचा छापा मीच काढलाय. त्याचे पैसे तेवढे अजून यायचे आहेत.