टोबिन, पोलार्ड आणि 'कोच' हा शब्द

नमस्कार. अमेरिकन फुटबॉलपटू फ्रिट्झ पोलार्डवरच्या माझ्या लेखावर तुम्ही पाठवलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिला आक्षेप असा की पोलार्डच्या ॲक्रन प्रोज या संघाचा कोच एल्जी टोबिन होता, त्यामुळे पोलार्डला 'पहिला कृष्णवर्णीय कोच' म्हणणं ओढूनताणून आहे. दुसरा असा की तो कपडे कुठे बदलायचा यावर मी उगाच अख्खा परिच्छेद घालवला.

पहिला आक्षेप अर्धा मान्य. अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगचं (तिलाच पुढे एनएफएल हे नाव मिळालं) १९२०चं विजेतेपद मी कोच पोलार्डच्या खात्यावर टाकलं, ते साफ चुकलं. त्या वर्षी कोच टोबिनच. अकरा सामने, आठ विजय, तीन बरोबरीत, आणि सगळ्या हंगामात प्रतिस्पर्ध्यांना मिळाले फक्त ७ गुण. पोलार्ड त्या संघाचा हुकमाचा एक्का होता, कोच नव्हता. १९२१मध्ये मात्र ती जबाबदारी दोघांची होती.

आता उरलेला अर्धा. 'कोच' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कानाला हेडफोन लावून रेषेबाहेर येरझाऱ्या घालणारा माणूस येतो. तेव्हा बाहेरून सूचना देणं नियमातच बसत नव्हतं! एकदा खेळ सुरू झाला की जे काही ठरवायचं ते मैदानावरच्यांनी. १९२०मध्ये कँटनच्या संघात जिम थॉर्प, १९२१मध्ये शिकागोच्या संघात जॉर्ज हॅलस, दोघेही खेळता खेळताच कोच होते. त्यांना कोच म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. पोलार्डच्या वेळीच का?

आणि ते कपडे. पोलार्ड संघमालक फ्रँक नीडच्या सिगारच्या दुकानात तयार होऊन मैदानावर यायचा, कारण बाकीच्यांच्या खोलीत त्याला थारा नव्हता. पाच फूट नऊ इंच उंची, वजन पाऊणशे किलोच्या आसपास. खाली पाडला की हा गडी चटकन पाठीवर वळायचा आणि पाय हवेत झाडायचा; वरून उडी घेणाऱ्याला आधी बुटाचे खिळे दिसायचे. चेंडू कुणाकडे जाणार हे याने ठरवायचं, आणि कपडे मात्र दुकानात बदलायचे. हे वगळून त्याच्या कोचपणाबद्दल कसं लिहायचं, ते मला तरी जमत नाही.

एनएफएलमध्ये त्याच्यानंतरचा कृष्णवर्णीय मुख्य कोच आर्ट शेल, तोही थेट १९८९मध्ये. पोलार्ड त्याच्या तीनच वर्षं आधी वारला.

१९२०ची चूक लेखात दुरुस्त केली आहे. कपड्यांचा परिच्छेद तसाच ठेवलाय.