व्हिक्टोरियन रेक्टरी म्हणजे ‘नकली गॉथिक बंगला’? अजिबात नाही

इंग्लंडच्या खेड्यांमधल्या जुन्या रेक्टरींबद्दल, म्हणजे चर्चच्या पाद्र्यासाठी बांधलेल्या घरांबद्दल, एक मेसेज खूप फिरतोय. त्यात म्हटलंय की ही घरं म्हणजे चर्चची कॉपी मारलेले नकली गॉथिक बंगले, पाद्र्यांची ऐश, फार जुनीही नाहीत त्यामुळे वारसा वगैरे काही नाही, वर ओल येते आणि लिस्टिंगमुळे, म्हणजे सरकारच्या संरक्षित इमारतींच्या यादीत नाव असल्यामुळे, खिळासुद्धा ठोकता येत नाही, त्यात यादीतलं स्थानही ग्रेड टू म्हणजे किरकोळ, तेव्हा पाडा आणि नवीन बांधा. ह्यातलं जवळजवळ सगळं चूक आहे आणि असल्या मेसेजवर विश्वास ठेवून चांगली घरं जातात म्हणून सविस्तर लिहितोय.

‘नकली गॉथिक’ हा सगळ्यात मोठा गैरसमज (गॉथिक म्हणजे मध्ययुगीन चर्चची टोकदार कमानींची शैली). टोकदार कमान दिसली की लोक म्हणतात मध्ययुगाची नक्कल, पण ह्या घरांचं खरं काम कमानीत नाहीये, प्लॅनमध्ये आहे. आधीच्या जॉर्जियन पद्धतीत दर्शनी भाग चौकोनी, मधे दार आणि दोन्हीकडे सारख्या खिडक्या, आतल्या खोल्यांनी त्या चौकटीत बसायचं. पुगिन ह्या आर्किटेक्टने १८४१ मध्येच छापून सांगितलं होतं की सोय, बांधणी किंवा औचित्य ह्यातल्या कशासाठीच लागत नाही असं काही इमारतीत असू नये, आणि नक्षी करायचीच तर जे मुळात बांधायचंय त्याच्यावरच करा. डॉर्सेटमधल्या रॅम्पिशमची रेक्टरी त्याने १८४५ ते १८४७ मध्ये बांधली (स्वतः कॅथलिक झालेला माणूस, आणि घर अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चच्या, रेक्टरचं!). आज ती ग्रेड वन, म्हणजे संरक्षित यादीतल्या सगळ्यात वरच्या श्रेणीत आहे. इथे आधी खोल्या ठरतात आणि भिंती, छपरं, धुराडी त्यांच्यामागून येतात, त्यामुळे बाहेरून बघूनच कळतं की जिना कुठे आहे, स्वयंपाकघर कुठे आहे.

बटरफिल्ड ह्या आर्किटेक्टने ब्रिस्टलजवळ कोलपिट हीथला आणि स्ट्रीट ह्या दुसऱ्या आर्किटेक्टने वाँटेजला १८४० च्या दशकात पाद्र्यांसाठी घरं केली ती ह्याच विचाराची. ती व्हिकरेज आहेत, म्हणजे गावचा पूर्ण दशांश (चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग) मिळतो तो रेक्टर आणि थोडा मिळतो तो व्हिकर, घराचा प्रकार तोच. (हाच बटरफिल्ड, ज्याच्या डिझाइनच्या फरशा कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये आहेत.) मग स्ट्रीटच्याच ऑफिसात फिलिप वेब हा आर्किटेक्ट कामाला होता, तिथेच १८५६ मध्ये विल्यम मॉरिस (पुढे कापड आणि वॉलपेपरच्या डिझाइनसाठी प्रसिद्ध झालेला) शिकायला आला, आणि १८५९ मध्ये वेबने मॉरिससाठी रेड हाउस बांधायला घेतलं, ज्याला लोक आधुनिक घराची सुरुवात मानतात. त्यातली उतरती छपरं, उघडी वीट, गरजेप्रमाणे बसवलेल्या खिडक्या हे सगळं पाद्र्यांच्या घरांत आधीच होऊन गेलं होतं. एवढा मोठा धागा ‘नकली’ म्हणून कसा काय फेकून देता येईल?

आता ऐश. खोल्या मोठ्या होत्या, मोलकरणींसाठी मागचा वेगळा जिना होता, उत्पन्न गावच्या दशांशातून आणि चर्चच्या जमिनीतून यायचं, हे खरंच आहे आणि ते लपवायचं कारण नाही, तो जिनासुद्धा त्या काळाचा पुरावाच आहे. पण त्याआधी अनेक पाद्री गावात राहायचेच नाहीत, तीन-चार गावांचं उत्पन्न घ्यायचे आणि कमी पगारावर दुसरा माणूस ठेवायचे. १७७६ च्या कायद्याने पदाच्या उत्पन्नावर कर्ज काढून घर बांधायची सोय झाली आणि १८३८ च्या कायद्याने गावात न राहण्याला चाप बसला, आणि त्यातूनच एवढी घरं उभी राहिली. आणि हे घर म्हणजे पाद्र्याचं ऑफिसही होतं. पुढच्या दाराजवळच अभ्यासिका असायची, गावकरी तिथे येणार, लग्नाचं विचारणार, मदत मागणार, घरातल्यांच्या खोल्यांकडे जायची गरजच नाही, आपल्या वाड्याच्या ओसरीसारखं.

‘फार जुनी नाहीत, त्यात ग्रेड टू म्हणजे किरकोळ’ हे तर उलटंच आहे. १७०० च्या आधीची, बऱ्यापैकी मूळ रूपात राहिलेली इमारत सहसा लिस्ट होतेच, १७०० ते १८५० मधल्याही बहुतेक होतात, १८५० नंतर मात्र निवड कडक होते. म्हणजे १८६० ची रेक्टरी लिस्टेड असेल तर ती जास्त बारीक चाळणीतून आलीय. आणि इंग्लंडमधल्या लिस्टेड इमारतींपैकी साधारण ९२ टक्के ग्रेड टूच आहेत, किरकोळला कोणी कायद्याचं संरक्षण देत नाही.

खिळा ठोकता येतो. होतं तसंच परत करायच्या दुरुस्तीला सहसा परवानगी लागत नाही. घराचं स्वरूप बदलणाऱ्या कामाला लागते, आणि हो, ती न घेता केलं तर गुन्हा आहे, आतल्या बदलांनाही हे लागू.

नवीन बांधणं स्वस्त वाटतं त्यात करांचा मोठा हात आहे, नव्या घराच्या बांधकामावर व्हॅट शून्य आणि जुन्याच्या दुरुस्तीवर सहसा २० टक्के. आणि ओलीचं म्हणाल तर ह्या भिंती भरीव आहेत, मध्ये पोकळी नाही, पावसाचं पाणी थोडं शोषायचं आणि चुन्याच्या सांध्यांमधून वाळून जायचं अशीच त्यांची रचना. नंतर कोणीतरी त्याच सांध्यांत सिमेंट भरतं, बाहेरची जमीन भर टाकून उंच करतं, पन्हळी तुंबलेल्या तशाच राहतात, आणि पाणी आत अडकतं. अशा ठिकाणी पन्हळी साफ करून, भर काढून, सिमेंटच्या जागी परत चुना भरा आणि भिंतीला वाळायला वेळ द्या, जाड भिंतीला त्यासाठी वर्षभराहून जास्त लागू शकतं.