सुई टोचण्याआधी चक्कर कुठली ते बघा

आपल्याकडं परभणी-जिंतूर पट्ट्यात चक्कर आली की पुढचं सगळं ठरलेलं असतं. आधी सलाईन. उतार पडला नाही तर मानेचा एक्स-रे, मग ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणून गळ्यात पट्टा, आणि महिनोन्महिने चकरेच्या गोळ्या. त्यानंही भागलं नाही की कुणीतरी सांगतं, अमक्या ठिकाणी चायनीज सुया टोचतात, एकदा जाऊन या. खूप जणी मला विचारतात, जावं का? म्हणून सविस्तर लिहिते.

ॲक्युपंक्चरला, म्हणजे या सुयांच्या उपचाराला, माझा विरोध नाही. पण चक्कर हे लक्षण आहे, त्याच्यामागं कारण वेगवेगळं असतं. ते न शोधता सुई टोचणं मला न शोधता लावलेल्या सलाईनइतकंच चूक वाटतं.

कूस बदलली, फळीवरचा डबा काढायला मान वर केली, हापशावर वाकलं, की घर गरगर फिरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं. अशी चक्कर बहुतेक वेळा कानातून येते. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. ते जागचे सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरले, की मान हलवताच नळीतलं द्रव नको तेवढं हलतं आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. डॉक्टर याला बीपीपीव्ही म्हणतात, आणि गरगरण्याचं हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण आहे. ते ओळखायला एक्स-रे लागत नाही, एमआरआय लागत नाही. एक साधा पलंग लागतो. डिक्स आणि हॉलपाइक या दोघांनी १९५२ साली सांगितलेली तपासणी आहे, आणि अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेला उपचार आहे.

माझ्या मावशीला हे करताना मी शेजारी उभी होते. डॉक्टरांनी तिची मान उजवीकडं वळवली आणि तिला झटकन मागं झोपवलं, डोकं पलंगाच्या कडेखाली थोडं लोंबतं ठेवून. दोन-चार सेकंद काहीच नाही. मग तिची बुबुळं झटके देत फिरायला लागली, आणि तिनं माझा दंड आवळला. “धर गं माय, पडले मी!” डॉक्टर म्हणाले, “मावशी, डोळे मिटू नका, आत्ता थांबतंय.” थांबलं. ही झाली तपासणी. मग उपचार: मान डावीकडं, मग अंग कुशीवर आणि तोंड जमिनीकडं, मग उठवून बसवलं. पाच-सात मिनिटांत सगळं उरकलं. त्याआधी कितीतरी महिने तिला अशक्तपणा आहे म्हणून सांगितलं जात होतं. राग येतो याचा.

ते कण परत जागेवर नेणारा बिंदू, म्हणजे सुई टोचायची ठरलेली जागा, ॲक्युपंक्चरमध्ये नाही. हे मी स्पष्ट लिहिते, कारण लोक पैसे मोडून जातात.

मग सुईला जागा कुठं? चकरेसोबत जी मळमळ, उलटीची भावना येते, तिथं आहे. मनगटाच्या आतल्या वळीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या (स्नायूंच्या टणक दोऱ्यांच्या) मधोमध नेगुआन नावाचा बिंदू असतो. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर त्याचा उपयोग होतो, याला चांगला आधार आहे. कवटीच्या खाली मानेच्या खोबणीतला फेंगची आणि टाळूवरचा बायहुई हे चकरेसाठी नेहमी वापरले जाणारे बिंदू. मान आखडून डोकं जड होतं, अशा काहींना त्यानं आराम पडतो. चकरेवरचे बरेच अभ्यास मात्र छोटे आहेत, त्यावरून मोठे दावे करू नयेत.

चिनी वैद्यकाची एक गोष्ट मला मनापासून आवडते. तिथं चक्कर यकृताच्या वाताशी, कफाशी, नाहीतर शरीराच्या क्षीणतेशी जोडतात. आपल्या आयुर्वेदातही भ्रम, म्हणजे चक्कर, वात-पित्ताशी जोडलेला आहेच. ही मांडणी मला पटो न पटो, त्यासाठी वैद्य जीभ बघतो, नाडी बघतो, झोप, पोट, पाळी सगळं विचारतो. बाई बोलते आणि समोरचा ऐकतो. आपल्या ओपीडीत दोन मिनिटं मिळतात, त्यात ‘कूस बदलल्यावर येते का?’ हा एक प्रश्नही बसत नाही.

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव आपल्याला माहीत असतं. १९३८ साली ज्या भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, त्यातलेच डॉ. विजयकुमार बसू पुढं तिथं ॲक्युपंक्चर शिकले आणि ते भारतात घेऊन आले. आता महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा कायदा आहे, परिषद आहे. तेव्हा नोंदणी आहे का हे बेधडक विचारा, आणि सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे.

चिनी पुड्या आणि गोळ्या ऑनलाइन मागवू नका. चकरेवरच्या प्रसिद्ध काढ्यात बानशिया नावाचा कंद असतो, तो कच्चा विषारी आहे. पाकिटात काय आहे हे इथं कोण तपासणार? आपल्याकडच्या चकरेच्या गोळ्याही जपूनच घ्या. सिनारिझिनसारखी गोळी वर्षानुवर्षं घेतली तर म्हाताऱ्या माणसाचे हात थरथरायला लागू शकतात, चाल मंदावू शकते, आणि मग त्यावर वेगळी औषधं सुरू होतात.

आणि चकरेसोबत बोबडी वळली, तोंड वाकडं झालं, एकाचे दोन दिसले, हात-पाय लुळा पडला, उभंच राहता येईना, तर सुई नाही, सलाईन नाही. १०८ ला फोन करा आणि मोठ्या दवाखान्यात न्या. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आपल्या तालुक्यांपासून अंतरं केवढी आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे.

ॲक्युपंक्चर करणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे, पहिल्या दिवशी ही पलंगावरची तपासणी करा, आणि कण सुटलेले दिसले तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं पाठवा. उदगीर, सेलू, माजलगाव, वसमत भागात कुणी डॉक्टर एप्लींचा हा उपचार करत असतील तर कमेंटमध्ये तालुका आणि दवाखाना लिहा. विचारणाऱ्या बायकांना मी ती यादी पाठवते.